पाण्यापासून हायड्रोजन: बुडबुडे मोजण्यापूर्वी या चुका टाळा

विदर्भातील तालुक्याच्या महाविद्यालयात सेंद्रिय पॉलिमर वापरून सूर्यप्रकाशात हायड्रोजन मिळवण्याचा प्रकल्प हाती घेतला, की पहिली चूक हे पॉलिमर ज्यापासून बनवतात त्या युरियाच्या, म्हणजे गोदामातल्या पोत्यापाशीच होते. २०१५ पासून शेतीसाठीच्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप सक्तीचा आहे. तो युरिया मुशीत तापवल्यास तेलाचे अवशेष पदार्थात मिसळण्याची शक्यता राहते, म्हणून प्रयोगशाळेच्या प्रतीचाच युरिया घ्यावा. झाकलेल्या मुशीत तो सुमारे ५५० अंश सेल्सिअसला तापवला म्हणजे कार्बन नायट्राइडची, म्हणजेच प्रकाश शोषून पाण्यापासून हायड्रोजन काढणाऱ्या पॉलिमरची, पिवळी भुकटी मिळते, पण मध्येच भारनियमन होऊन भट्टी थंडावली तर अर्धवट बनलेला, पांढरट पदार्थ हाती येतो. तो फेकून पुन्हा सुरुवात करावी. भट्टीतून अमोनिया बाहेर पडतो, त्यामुळे धूर बाहेर काढण्याची सोय हवीच.

सर्वांत फसवी चूक मात्र बुडबुड्यांची आहे. मे महिन्यात आम्ही काचेचा चंबू गच्चीवर ठेवला, तासाभरात काचेला बारीक बुडबुडे चिकटले आणि विद्यार्थी हरखून गेले. वायू तपासला तेव्हा ती निव्वळ हवा निघाली. पाणी तापले की त्यात विरघळलेली हवा बाहेर पडते, हे नववीत शिकवूनही आम्ही विसरलो होतो. म्हणून आधी नायट्रोजन किंवा आरगॉन सोडून पाण्यातील हवा काढावी, कारण हायड्रोजन बनवण्यासाठी लागणारे, उन्हामुळे भुकटीत सुटे झालेले इलेक्ट्रॉन राहिलेला ऑक्सिजन हिरावून घेतो. वायूची तपासणी गॅस क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे मिश्रणातील वायू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, करावी. त्यात नमुना पुढे वाहून नेणारा वाहक वायू हेलियम असेल तर औष्णिक वाहकता शोधक (वायूंच्या उष्णता वाहण्यातील फरकावरून ते ओळखणारा भाग) हायड्रोजन नीट दाखवत नाही, कारण दोन्ही वायूंची ही क्षमता जवळपास सारखी असते, तेथे आरगॉन हवा.

हायड्रोजन खरोखर मिळाला तरी लगेच ‘पाण्याचे विघटन झाले’ असे लिहू नये. पाण्यात ट्रायइथॅनोलअमाइन (स्वतः इलेक्ट्रॉन देऊन खर्ची पडणारे रसायन) घातले असल्यास पॉलिमरमधील धन विवरे, म्हणजे इलेक्ट्रॉन निघून गेल्याने उरलेल्या धनभारित जागा, तेच भरून काढते आणि ऑक्सिजन निघतच नाही. पूर्ण विघटनात हायड्रोजन व ऑक्सिजन २:१ प्रमाणात मिळायला हवेत. युरियाऐवजी दुसरे पॉलिमर वापरले आणि त्याचे घटक पॅलेडियम या धातूच्या साहाय्याने जोडले असतील, तर उरलेला धातूच सह-उत्प्रेरकाचे, म्हणजे अभिक्रियेला मदत करणाऱ्या पदार्थाचे, काम करतो. पॅलेडियमचे प्रमाण मोजूनच ‘धातूविना’ हा शब्द वापरावा.

वायू खरोखर प्रकाश आणि भुकटी यांमुळेच आला की नाही हे कळावे म्हणून प्रत्येक वेळी तुलनेसाठी दोन चंबू सोबत ठेवावेत: एक तितक्याच तापमानाला काळ्या कापडात गुंडाळलेला आणि दुसरा उन्हात, पण भुकटीविना.