डोक्याला मार लागल्यास कॉलेज संघाने काय करावे आणि काय लिहून ठेवावे

अमेरिकेत कॉलेज खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संघटनेने २०१० पासून सदस्य कॉलेजांना कन्कशन (डोक्याला मार किंवा हिसका बसून मेंदूला होणारी दुखापत) हाताळणीचा लेखी आराखडा बंधनकारक केला आहे. कागदावर एक आणि मैदानावर दुसरेच घडले, तर हाच आराखडा हलगर्जीपणाचा पुरावा म्हणून वादीचे वकील न्यायालयात मांडतात. त्यामुळे नियमांत अपेक्षित असलेले सर्व काही त्यात असावे, पण निभावता न येणारी आश्वासने घालू नयेत.

बहुतेक कन्कशनमध्ये शुद्ध हरपत नाही. खेळाडू चुकीच्या जागी उभा राहत असेल, आताच सांगितलेला डाव पुन्हा विचारत असेल किंवा त्याचा तोल जात असेल, तर त्याला ताबडतोब बाहेर घ्यावे आणि हेल्मेट ट्रेनरने स्वतःजवळ ठेवावे. हेल्मेट हाती असले की खेळाडू नजर चुकवून परत मैदानात शिरतो. वारंवार उलट्या, झटके, वाढती डोकेदुखी, मानदुखी किंवा हातापायांत अशक्तपणा दिसल्यास रुग्णवाहिका बोलवावी. कन्कशनचे निदान झाल्यास त्या दिवशी खेळ बंद. पुढे हलक्या हालचालींपासून प्रत्यक्ष धडकेच्या सरावापर्यंत टप्प्याटप्प्याने जावे, प्रत्येक टप्प्याला साधारण किमान २४ तास द्यावेत. अंतिम परवानगी डॉक्टरांची किंवा त्यांनी नेमलेल्या व्यक्तीची असावी. प्रशिक्षकाने या निर्णयात मत देणेही टाळावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

नोंद त्याच वेळी करावी: मार कधी व कसा लागला, कोणती लक्षणे दिसली, कोणी तपासले, स्कॅट ६ (कन्कशन तपासण्याची प्रमाणित चाचणी) मधील गुण किती, खेळाडूला काय सांगितले. नंतर काही सुधारायचे असल्यास जुना मजकूर न खोडता तारखेसह वेगळी नोंद जोडावी, कारण खाडाखोड केलेला कागद नसलेल्या कागदापेक्षा जास्त नुकसान करतो. लक्षणे कळवण्याची जबाबदारी मान्य करणारी खेळाडूची सही जरूर घ्यावी. मात्र ती सही म्हणजे कॉलेजच्या हलगर्जीपणाला दिलेली माफी नव्हे.

कन्कशनच्या खटल्यात २०१९ मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीत एनसीएएने माजी खेळाडूंच्या वैद्यकीय तपासणीसाठी ७ कोटी डॉलरचा निधी मान्य केला, पण वैयक्तिक दुखापतीचे दावे त्यातून संपले नाहीत. २०२२ मध्ये लॉस एंजेलिसमधील ज्यूरीने एका माजी अमेरिकन फुटबॉल खेळाडूच्या मृत्यूच्या खटल्यात एनसीएएच्या बाजूने निकाल दिला. त्यावर विसंबून राहू नये. सरकारी विद्यापीठांना मिळणारे कायदेशीर संरक्षण राज्यागणिक बदलते, म्हणून आराखडा स्थानिक वकिलाकडून तपासून घ्यावा आणि गंभीर दुखापत होताच विमा कंपनीला लेखी कळवावे.