लेकरू शेवटच्या आजारपणात असताना बाहेर वाद पेटला तर काय करायचं

माझा भाचा साडेचार वर्षांचा होता. मेंदूच्या देठात गाठ, डॉक्टर त्याला डीआयपीजी म्हणतात. जागाच अशी की ऑपरेशन करून काढता येत नाही, रेडिएशन दिलं की काही महिने बरं जातं, आमचा तर परत चालायला लागला होता, आणि मग ती गाठ पुन्हा डोकं वर काढते. तशी काढली तेव्हा भाऊ-वहिनीने ठरवलं की आता व्हेंटिलेटर नको. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर चहात बिस्कीट बुडवत होती आणि फोनवर सोसायटीच्या ग्रुपचा मेसेज आला, "आपल्या बी विंगमधल्या मुलाला आई-वडीलच मशीन लावू देत नाहीयेत, कुणाच्या ओळखीत वकील आहे का?" खाली पंचवीस-तीस जणांची मतं. बिस्कीट चहात पडलं, तिने ते काढलं पण नाही, तशीच बघत बसली.

म्हणून हे लिहितेय. तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं असतं तर खूप त्रास वाचला असता अशा गोष्टी आहेत, आई-बापांसाठी आहेत आणि त्यांच्या भोवतीच्या माणसांसाठी पण, कारण वाद घालणारे कुणी परके नसतात, मामा असतात, चुलत सासरे असतात, खालच्या मजल्यावरच्या काकू असतात, आणि त्यांना खरंच आतून वाईट वाटत असतं.

सगळ्यात आधी डॉक्टरांना काय विचारायचं ते बसून कागदावर लिहा. आपण सगळे एकच विचारतो, "डॉक्टर, अजून काही करता येईल का?" आणि ह्याचं उत्तर जवळजवळ नेहमी "हो" असतं. घशात नळी घालता येते, मशीन लावता येतं, गळ्याला छेद देऊन ट्रॅकिओस्टॉमी करता येते. मग बाहेर येऊन आपण सांगतो की डॉक्टर म्हणतायत करता येईल, आणि तिथूनच घरात दोन पार्ट्या पडतात. त्यापेक्षा असं विचारा: हे केलं तर तो कुठपर्यंत परत येईल? उठून बसेल का, आम्हाला ओळखेल का, घरी येऊ शकेल का? हे करताना त्याला काय काय सोसावं लागेल? आणि नाही केलं तर त्याला दम लागेल, दुखेल, त्यावर तुम्ही काय देणार? शेवटचा प्रश्न विसरू नका, कारण "मशीन नको" म्हणजे "काहीच नको" असं बाहेरच्यांना वाटतं आणि कधीकधी आई-बापांना पण वाटतं. तसं नसतं.

हे विचारायला फॅमिली मीटिंग मागा. राउंडच्या वेळी कॉरिडॉरमध्ये दोन मिनिटं नको, खोलीत बसून, दार लावून, निदान अर्धा तास. आई आणि वडील दोघं हवेतच, एकाने ऐकून दुसऱ्याला सांगायचं नाही. आणि घरात जो सगळ्यात जास्त विरोध करतोय त्याला मुद्दाम घेऊन जा. आमची चूक तीच झाली, आम्ही आप्पांना म्हणजे माझ्या वडिलांना त्रास नको म्हणून घरी ठेवलं, आणि त्या खोलीत नसलेल्या आप्पांनीच सगळ्या नातेवाइकांना फोन लावले की पोरं हार मानून बसलीयत.

आप्पांना नंतर डॉक्टरांनी समजावलं तरी पटलं नाही. पटलं ते वेगळ्याच गोष्टीने. सिस्टर सक्शन करत होत्या, म्हणजे घशात साठलेला कफ नळीने ओढून काढत होत्या, तेव्हा ते आत होते. बारीक प्लास्टिकची नळी नाकातून आत जाते, घरर्र असा आवाज येतो, पोराचे डोळे एकदम मोठे होतात, रडायचं असतं पण आवाज फुटत नाही, नुसते हात हवेत जातात. दर दोन-तीन तासांनी हेच. आप्पांनी विचारलं, "मशीन लावलं तर हे थांबेल ना?" सिस्टर म्हणाल्या, "नाही आजोबा, मशीनच्या नळीतूनपण करावंच लागतं." आप्पा खाली जाऊन रसवंतीच्या बाकावर तासभर बसून राहिले आणि त्या दिवसापासून त्यांनी कुणाला फोन केला नाही.

आता एक नीट ऐका, ज्या आई-बापांना मशीन लावून बघायचंय ते चुकीचे नाहीत. प्रत्येक आजार आमच्यासारखा नसतो. मन तयार होत नसेल तर मुदत ठरवून ट्रायल मागा, म्हणजे "तीन दिवस लावू, ह्या-ह्या गोष्टी सुधारल्या तर पुढे जाऊ, नाही सुधारल्या तर परत बसून बोलू", आणि हे फाईलमध्ये लिहून घ्या. मुदत न ठरवता सुरू केलं की थांबायची वेळ कुणी सांगायची ह्यावरच पुढचं भांडण होतं.

सेकंड ओपिनियन घ्याच, तो पेशंटचा हक्क आहे, राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्ण हक्कांच्या सनदेत आहे, डॉक्टरांना वाईट वाटेल म्हणून थांबू नका. रेकॉर्ड लेखी मागितलं की ७२ तासांत द्यायचं असा नियम आहे. कॅन्सर असेल तर परळला टाटा मेमोरियल आहेच, आणि मुलाला मुंबईला हलवायची स्थिती नसेल तर 'नव्या' (Navya) ह्या नावाची ऑनलाइन सोय आहे, रिपोर्ट पाठवून टाटाच्या तज्ज्ञांचं मत मिळतं. पण माझं स्पष्ट मत आहे, एक नीट दुसरं मत घ्या आणि थांबा. आम्ही चार घेतली. चौथ्या वेळी तेच ऐकायला भाऊ दिवसभर बाहेर होता आणि तो दिवस पोराने दाराकडे बघण्यात घालवला.

कायद्याचं थोडक्यात सांगते कारण ग्रुपवर सगळ्यात जास्त गोंधळ ह्याचाच होता, कुणीतरी चक्क "हा खून आहे" लिहिलेलं. इंजेक्शन देऊन मारणं आपल्याकडे गुन्हा आहेच. पण ज्या उपचाराने पेशंट बरा होणार नाही तो सुरू न करणं किंवा काढून घेणं ह्याला सुप्रीम कोर्टाने ९ मार्च २०१८ च्या कॉमन कॉज निकालात मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. हॉस्पिटलमध्ये ट्रीटमेंट करणारे डॉक्टर आणि किमान ५ वर्षं अनुभव असलेले दोन तज्ज्ञ असं पहिलं बोर्ड बसतं, मग दुसरं बोर्ड, त्यात एक डॉक्टर जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी नेमलेला, दोन्ही बोर्डांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं, घरच्यांची संमती लागते, आणि अंमल करण्याआधी हॉस्पिटलने मॅजिस्ट्रेटना कळवायचं. मतभेद झाले तर हायकोर्टात जायची वाट आहे. लिव्हिंग विल, म्हणजे शेवटी कोणते उपचार नकोत हे स्वतः आधीच लिहून ठेवणं, मोठ्या माणसाचं असतं, लहान मुलाच्या बाबतीत आई-वडीलच बोलतात.

बऱ्याच हॉस्पिटलमध्ये हे बोर्ड वगैरे करायला कुणी उत्सुक नसतं. मग तुमच्यासमोर एक कागद येतो, डामा, म्हणजे आम्ही डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेतोय. आमच्यासमोर पण आला, हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, पण एका ज्युनियर डॉक्टरने लिफ्टजवळ उभं राहून सांगितलं की सही करा आणि न्या. भाऊ पेन काढतच होता. नका करू अशी सही, निदान लगेच नका करू. त्या कागदावर घरी गेलात की दुखण्याचं औषध नाही, ऑक्सिजनची व्यवस्था नाही, रात्री फोन कुणाला करायचा माहीत नाही, आणि वर नातेवाईक म्हणायला मोकळे की बघा, डॉक्टर नको म्हणत असताना नेलं. त्याऐवजी म्हणा, आम्हाला पॅलिएटिव्ह टीमशी, म्हणजे दुखणं-त्रास कमी करणाऱ्या टीमशी, बोलायचंय आणि व्यवस्था लावून डिस्चार्ज हवाय.

पॅलिएटिव्ह केअर म्हणजे शेवटचे चार दिवस असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येप्रमाणे मुलांच्या बाबतीत ती निदान झाल्यापासूनच सुरू व्हायला हवी, बरं करायची ट्रीटमेंट चालू असो वा नसो. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह सेंटर आहे, १९९७ पासून, कॅन्सरच्या पेशंटना मोफत, घरचे सोबत राहू शकतात. मॉर्फिनला घाबरू नका, नातेवाइकांत "मॉर्फिन दिलं म्हणजे संपवायला काढलं" अशी समजूत पक्की असते. ते दुखण्यावर आणि दम लागण्यावर देतात, मुलांना वजनाप्रमाणे मोजून देतात. फक्त कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही, म्हणून डिस्चार्जच्या आधीच कुठून घ्यायचं ते विचारून ठेवा. आमचा पोरगा पहिला डोस मिळाल्यावर तीन रात्रींनी पहिल्यांदा सलग झोपला आणि उठल्यावर म्हणाला, "आत्तू, वरणभात."

आता बाहेरच्या वादाचं. घरातला एकच माणूस बोलायला ठेवा, आई-वडील नकोत, आमच्यात मी होते. आई-वडिलांना त्या ग्रुपमधून सरळ बाहेर काढा, नंतर परत येता येतं. आणि एकच मेसेज टाका, वाद न घालता. मी हा टाकला होता, हवा तर जसाच्या तसा घ्या: "डॉक्टरांशी आणि दुसऱ्या तज्ज्ञांशी बोलून आई-वडिलांनी निर्णय घेतलाय. त्याला त्रास होऊ नये ह्यासाठीची सगळी ट्रीटमेंट चालू आहे. कृपया फोटो, रिपोर्ट फॉरवर्ड करू नका. मदत करायची असेल तर मला फोन करा." त्याखाली कुणी काही लिहिलं तरी उत्तर द्यायचं नाही. फार अवघड गेलं मला ते, अंगठा टाइप करायला शिवशिवायचा, पण नाही दिलं.

वाद वाढला की काय होतं ते बघायचं असेल तर लंडनच्या चार्ली गार्डचं आठवा, २०१७ चं. दुर्मिळ माइटोकॉन्ड्रियाचा आजार, ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट हॉस्पिटल म्हणत होतं मशीन काढू, आई-वडिलांना अमेरिकेत प्रायोगिक उपचार करायचे होते. तिकडे डॉक्टर आणि आई-वडिलांचं एकमत झालं नाही तर मुलाचं हित कशात ते कोर्ट ठरवतं, आपल्याकडे बहुतेक वेळा घरच्यांवरच येतं. केस सुप्रीम कोर्टापर्यंत, पुढे युरोपच्या मानवी हक्क कोर्टापर्यंत गेली, पोप बोलले, ट्रम्पनी ट्वीट केलं, आणि हॉस्पिटलच्या लोकांना जिवे मारायच्या धमक्या आल्या. आई-वडिलांना शेवटी त्याला घरी न्यायचं होतं, तेही जमलं नाही, २८ जुलै २०१७ ला हॉस्पिसमध्ये, म्हणजे शेवटच्या आजारपणातल्या पेशंटना सांभाळतात तिथे, तो वारला, पहिल्या वाढदिवसाला एक आठवडा राहिला होता. मी कुणाची बाजू घेत नाही, त्या आई-बापाच्या जागी मी असते तर मीपण लढले असते कदाचित. मला टोचतं ते हे की शेवटचे दिवस कोर्टाच्या तारखांमध्ये गेले.

आणि हॉस्पिटलवर राग निघाला तरी हात उचलू नका, डॉक्टरांवरच्या हल्ल्यासाठी महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड. ज्या सिस्टरने रात्री दोनला त्याची चादर बदलली तिच्याच अंगावर आमचा एक भाऊबंद धावून गेला होता, मला अजून लाज वाटते.

वर्गणी किंवा क्राउडफंडिंग करायचं असेल तर आवाहनातच लिहा की पैसे कशासाठी, आणि उपचार झाले नाहीत किंवा मूल राहिलं नाही तर उरलेले कुठे जाणार. चार्लीसाठी १३ लाख पौंडांच्या वर जमले होते, त्यातून पुढे फाउंडेशन झालं. आपल्याकडे हे आधी लिहिलेलं नसतं आणि मग लोक हिशोब मागतात, आणि पैसे दिले म्हणून मत द्यायचा हक्क आला असं पण वाटायला लागतं.

शेजाऱ्यांनो, तुम्ही काय करायचं? डबा द्या, पण फोन करून काय देऊ विचारू नका, दाराला पिशवी अडकवा आणि जा. मोठ्या भावंडाला शाळेच्या रिक्षापर्यंत सोडा. "माझ्या ओळखीत एक वैद्य आहेत" हे एकदा सांगितलं तर परत नको.

मुलाला घरी आणलं असेल तर एक काम आधीच करून ठेवा, आम्हाला ते पॅलिएटिव्हच्या ताईंनी सांगितलं म्हणून कळलं. घरी मृत्यू झाला की डॉक्टरचा दाखला लागतो, मृत्यूच्या कारणाचा, त्याशिवाय स्मशानभूमीत अडतं, आणि अपरात्री अनोळखी डॉक्टर तो देत नाहीत. त्यामुळे त्याला ओळखणारे कोणते डॉक्टर येतील ते विचारून ठेवा, फाईल आणि आधार कार्ड एका पिशवीत ठेवा. आमच्याकडे डॉक्टरांचा नंबर फ्रीजवर लावला होता, त्याने काढलेल्या हत्तीच्या चित्राशेजारी, पहाटे चारला भावाने तिथूनच बघून लावला.