एका कोडमधून दोन ॲप: हात घालण्याआधीची तयारी

एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयओएस (आयफोन) अशी दोन्ही ॲप काढायची असतील, तर पहिल्याच आठवड्यात रिलीज बिल्ड (ग्राहकाच्या हाती जाणारी पक्की आवृत्ती) काढा आणि खऱ्या फोनवर टाका. ॲपमध्ये एकच रिकामी स्क्रीन असली तरी चालेल. मागच्या वेळी नेमकं हेच राहिलं होतं, म्हणून ते वर लिहिलंय; खाली आणखी येईल, कंटाळू नका.

मॅक लागतो. आयओएसचं बिल्ड एक्सकोड या ॲपलच्या साधनाशिवाय होत नाही आणि एक्सकोड मॅकशिवाय चालत नाही. नसेल तर क्लाउडवर भाड्याने घ्या. गिट, एडिटर वगैरे सांगत बसत नाही.

भाषेवर वाद घालण्याआधी ॲप फोनकडे काय काय मागणार ते लिहून काढा: कॅमेरा, ब्लूटूथ, बॅकग्राउंडमधलं लोकेशन, नोटिफिकेशन, पेमेंट. प्रत्येकापुढे मनात असलेल्या फ्रेमवर्कमधलं (ॲप ज्यावर उभं राहतं तो तयार सांगाडा) पॅकेज (त्या कामाचा इतरांनी लिहिलेला कोड) लिहा, शेवटचा कमिट (नोंदवलेला बदल) कधीचा आहे आणि इश्यूंना, म्हणजे तक्रारींना, कोणी उत्तर देतंय का ते बघा. स्टार मोजू नका. जिथे पॅकेज सापडत नाही तिथे कोटलिन (अँड्रॉइडची भाषा) आणि स्विफ्ट (आयओएसची) स्वतः लिहावं लागणार, मग फ्रेमवर्क कुठलंही घ्या. ते लिहिणारं टीममध्ये कोणी नसेल तर ते फीचर आत्ताच कापा.

आता भाषा. फ्लटर या फ्रेमवर्कची भाषा डार्ट. ती चटकन हाताला बसते, आणि डार्ट ३ पासून नल सेफ्टी (रिकाम्या मूल्यामुळे होणाऱ्या चुकांना आळा) सक्तीची असल्याने बऱ्याच चुका कंपायलरच पकडतो. फ्लटर स्क्रीन स्वतः रंगवतं, त्यामुळे दोन्ही फोनवर ॲप सारखं दिसतं. पण ऑपरेटिंग सिस्टिमने बटणांचं रूप बदललं तर ते आपोआप मिळत नाही. फ्लटरबाहेर मात्र डार्टला फारसं कोणी विचारत नाही, तेव्हा पुढे हा कोड सांभाळणार कोण, ते आधी ठरवा.

वेबची टीम तयार असेल तर रिॲक्ट नेटिव्ह, म्हणजे जावास्क्रिप्टवर चालणारं फ्रेमवर्क, साहजिक आहे. फक्त आकडे सांभाळा. सर्व्हर ६४ बिटचे आयडी पाठवत असेल, तर ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढे जावास्क्रिप्ट शेवटचे अंक गुपचूप बदलू शकते. एरर नाही, वॉर्निंग नाही. भलत्याच ग्राहकाची ऑर्डर उघडते. टाइपस्क्रिप्ट (प्रकार तपासणारी जावास्क्रिप्ट) इथे वाचवत नाही, तिच्या लेखी तो निव्वळ नंबर. आयडी स्ट्रिंग म्हणूनच मागवा आणि बॅकएंडवाल्यांकडून आजच कबूल करून घ्या, नंतर ते ऐकत नाहीत.

अँड्रॉइडची टीम कोटलिनमध्ये मुरलेली असेल तर कोटलिन मल्टिप्लॅटफॉर्म, म्हणजे तोच कोटलिन कोड आयओएसवरही वापरायची सोय. २०२३ च्या नोव्हेंबरपासून ते स्थिर आहे. हिशेबाचं, नियमांचं लॉजिक सामाईक ठेवा, स्क्रीन वेगळ्या. पण ते स्विफ्टपर्यंत ऑब्जेक्टिव्ह-सी या ॲपलच्या जुन्या भाषेच्या वाटेने पोचतं, त्यामुळे सील्ड क्लासवर (ज्याचे प्रकार आधीच ठरलेले असतात) स्विच लिहिला की सगळे पर्याय देऊनही स्विफ्ट डिफॉल्ट मागते. आयओएसवाले कुरकुरतील. कुरकुर रास्त आहे. आणि फ्रेमवर्कच्या मालकावर भरवसा किती ठेवायचा, तर मायक्रोसॉफ्टच्या झामरिन या अशाच फ्रेमवर्कचा सपोर्ट मे २०२४ मध्ये बंद झाला, एवढं ध्यानात असू द्या.

आता पुन्हा रिलीज बिल्ड. डीबगमध्ये (कोड लिहिताना चालवायच्या बिल्डमध्ये) चालतं म्हणजे चालतं असं नाही. फ्लटरच्या कोऱ्या प्रोजेक्टमध्ये अँड्रॉइडची इंटरनेट परमिशन डीबग आणि प्रोफाइलच्या (वेग मोजायच्या बिल्डच्या) मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे ॲपच्या परवानग्यांच्या फाइलमध्ये, असते, मुख्य मॅनिफेस्टमध्ये नसते. महिनोन्‌महिने सगळं सुरळीत, आणि रिलीजमध्ये लॉगिनच होत नाही. रिॲक्ट नेटिव्हमध्ये त्याच जातीचा सापळा: साधं (एन्क्रिप्ट न केलेलं) एचटीटीपी डीबगमध्ये चालून जातं, रिलीजमध्ये अँड्रॉइड ९ पासून पुढे अडवलं जातं. अँड्रॉइडचं आर८ हे साधन रिलीजमध्ये न वापरलेला वाटणारा कोड छाटतं, आणि रिफ्लेक्शनवर (ॲप चालू असताना नावावरून कोड शोधण्यावर) चालणारं एखादं नेटिव्ह पॅकेज नेमकं तिथे मरतं. वेगाचंही तेच. फ्लटर डीबगमध्ये जेआयटीवर (चालता चालता कंपाइल होत) चालतं आणि रिलीजमध्ये आधीच मशीन कोड झालेलं असतं, म्हणून डीबगमधल्या अडखळण्यावरून भाषेला नावं ठेवू नका. प्रोफाइल मोडमध्ये, कमी रॅमच्या खऱ्या फोनवर मोजा. एम्युलेटर नको. परत सांगतो, नको. दर आठवड्याला रिलीज बिल्ड, खरा फोन, लॉगिनपासून लॉगआउटपर्यंत.

बाकीचं भराभर. ॲपचं पॅकेज नेम (स्टोअरवरची त्याची ओळख) विचार करून द्या, प्रकाशनानंतर बदलत नाही. अपलोड की (प्ले स्टोअरवर ॲप चढवताना सही करायची किल्ली) आणि तिचा पासवर्ड दोघांकडे ठेवा. ॲपलची पुशची (नोटिफिकेशन पाठवायची) की एकदाच डाउनलोड होते. अँड्रॉइड १३ पासून नोटिफिकेशनची परवानगी विचारावी लागते. ॲपमध्ये खातं उघडता येत असेल तर बंद करण्याची सोयही ॲपमध्येच हवी, नाहीतर ॲपल परत पाठवतं. प्ले स्टोअरवर १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेलं वैयक्तिक डेव्हलपर खातं असेल तर आधी १२ टेस्टर सलग १४ दिवस लागतात. ती माणसं आत्ताच गोळा करायला घ्या. प्रायव्हसीचे फॉर्म, स्क्रीनशॉट, आयकॉन: करा.