गाई वारंवार उलटत असतील तर कॅम्पिलोबॅक्टरचा शोध कसा घ्यावा

चार-पाच गाई वळूकडून भरवून घेतल्या. एकविसाव्या दिवशी एकही माजावर आली नाही, म्हणून सगळ्या गाभण धरल्या. मग बत्तिसाव्या दिवशी एकीच्या शेपटीला सोट, म्हणजे माजाचा चिकट स्राव, लागलेला दिसला, चाळिसाव्याला दुसरी हंबरायला लागली. गाई अंगाने धडधाकट आहेत, चारापाणी नीट आहे आणि वळू तर नजर लागावी असा. मग खनिज मिश्रण बदललं जातं, एखादी गाय वांझ ठरवून विकलीही जाते. वळूकडे मात्र कुणी बघत नाही.

या दुखण्यामागे कॅम्पिलोबॅक्टर फीटस व्हेनेरिॲलिस हा जीवाणू असू शकतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो स्वल्पविरामासारखा वाकडा दिसतो. ‘वाकडी काडी’ अशा अर्थाचं हे ग्रीक नाव त्याला १९६३ साली मिळालं, त्याआधी त्याची गणना व्हिब्रिओ नावाच्या जीवाणूंमध्ये व्हायची. वळूच्या शिश्नावरच्या कातडीच्या घड्यांमध्ये तो मुक्काम करतो. तिथे ना सूज येते, ना पू होतो, रेतही बिघडत नाही. वळू चार-पाच वर्षांचा झाला की या घड्या खोल होतात, आणि मग जीवाणू तिथून सहसा हलत नाही. गाईत मात्र तो गर्भाशयापर्यंत पोचून दाह करतो. गर्भ धरतो, पण काही दिवसांत किंवा आठवड्यांत मरतो. माज उशिरा आणि अवेळी येतो तो यामुळेच.

आधी वही काढा

प्रत्येक गाईपुढे भरवल्याची तारीख, पुढच्या माजाची तारीख आणि वळू कोणता, एवढंच लिहा. गर्भ धरलाच नाही तर गाय साधारण २१ दिवसांनी उलटते, म्हणजे पुन्हा माजावर येते. बऱ्याच गाई २५ ते ३५ दिवसांनी किंवा त्याहून उशिरा उलटत असतील, तर गर्भ धरून मेल्याचा संशय घ्यावा. कालवडी जास्त उलटतात आणि जुन्या गाई बऱ्यापैकी गाभण राहतात, असं दिसलं तर संशय आणखी पक्का होतो. कारण लागण झालेल्या गाईत काही महिन्यांत प्रतिकारशक्ती तयार होते आणि ती पुन्हा गाभण राहू लागते. कालवडीला हे संरक्षण नसतं. त्यामुळेच पुढच्या वर्षी ‘आपोआप बरं झालं’ असं वाटतं. प्रत्यक्षात जीवाणू वळूत असतोच, आणि काही गाईंच्या योनिमार्गातही तो बरेच महिने टिकून राहतो.

मग वळू थांबवा

अहवाल येईपर्यंत एकही गाय त्याला दाखवू नका, शेजारच्यांची तर नाहीच. नमुन्याआधी आठवडा-दोन आठवडे तो गाईंपासून लांब असेल तर तपासणीलाही बरं.

नमुना घेताना

हे काम पशुवैद्यकाचंच. पण काय बघायचं ते मालकाला माहीत असावं, कारण बऱ्याच तपासण्या इथेच वाया जातात. वळू खोड्यात पक्का बांधतात. शिश्नावरच्या कातडीच्या तोंडाशी असलेले लांब केस कापून जागा पुसून कोरडी करतात. नुकतीच लघवी केली असेल तर थोडं थांबतात. मग लांब नळी त्या कातडीच्या आत सरकवून, एका हाताने बाहेरून कातडी धरून, नळी पुढे-मागे खरवडत आतला चिकट द्रव ओढून घेतात. दुसऱ्या पद्धतीत निर्जंतुक क्षारद्रावण आत सोडतात, तोंड मुठीत आवळून बाहेरून चोळतात आणि तेच पाणी परत गोळा करतात. हाती येतं ते थोडंसं गढूळ पाणी. रक्तमिश्रित किंवा शेणाने माखलेला नमुना घेऊ नये.

आता खरी शर्यत सुरू होते. या जीवाणूला प्राणवायू थोडाच लागतो; आपल्या श्वासाच्या हवेतला प्राणवायू त्याला सोसत नाही. नमुना ६ तासांत प्रयोगशाळेत पोचणार नसेल तर तो खास वाहक माध्यमातच भरायला हवा. बाटली उन्हापासून झाकून, थंड डब्यातून न्यायची. प्रयोगशाळेत कमी प्राणवायूच्या डब्यात, ३७ अंश सेल्सियसला, निदान तीन दिवस तो वाढवतात. म्हणून दुसऱ्याच दिवशी ‘काही नाही’ असा निरोप आला तर विचारा, की नेमकी कोणती चाचणी केली?

एकदा नकारात्मक आलं म्हणून वळू सुटला असं समजू नका. आठवड्याच्या अंतराने पुन्हा दोन-तीन नमुने द्या. त्याच नमुन्यात ट्रायकोमोनासही तपासून घ्या. तो परजीवी असून हुबेहूब असाच त्रास देतो. गाईंसाठी योनिमार्गातल्या स्रावातली प्रतिपिंडं मोजण्याची चाचणी असते, पण ती सगळ्या कळपाचा अंदाज घेण्यासाठी. लागण झालेल्या बऱ्याच गाई तिच्यातून निसटतात, म्हणून एकाच गाईवरून निकाल लावू नये. माजावर असलेल्या गाईचा स्राव पातळ असतो, तो घेऊ नका.

गाय गाभडली तर

या आजारात गर्भपात कमी, पण होतो तेव्हा बहुधा चौथ्या ते सहाव्या महिन्यात. मेलेला गर्भ आणि वार हातमोजे घालूनच उचला, गर्भवती स्त्रीला जवळ येऊ देऊ नका. कारण काहीही असू शकतं, ब्रुसेला हा जीवाणूसुद्धा, आणि ब्रुसेला माणसाला सोडत नाही. नमुन्यासाठी गर्भाच्या पोटातला द्रव आणि वारेचा तुकडा द्या, उरलेलं खोल पुरा. कुत्र्याच्या तोंडी जाऊ देऊ नका.

निदान पक्कं झाल्यावर

नैसर्गिक रेतन बंद करून सगळ्या गाईंना कृत्रिम रेतन, हा सर्वांत खात्रीचा उपाय. रेत मात्र तपासलेल्या वळूचंच हवं. गोठवल्याने हा जीवाणू मरत नाही, रेतात प्रतिजैविक घालावं लागतं. म्हातारा वळू काढून टाकलेला बरा; तरुण, किमती वळूवर उपचार करता येतात, पण नंतर वारंवार तपासावं लागतं आणि खर्चाचं गणित क्वचितच जमतं. लस मिळत असेल तर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वळूसह सगळ्यांना द्यावी. न भरवलेल्या कालवडींचा गट वेगळा ठेवा आणि जुन्या वळूला तिथे अजिबात सोडू नका.

इतर जनावरांत

मेंढ्यांत हाच जीवाणू वेगळ्या उपप्रकारात येतो आणि समागमातून नव्हे, तोंडावाटे पसरतो. शेवटच्या सहा-आठ आठवड्यांत एकामागून एक मेंढ्या गाभडतात. गर्भाच्या यकृतावर कधी कधी कडा उठलेले, मध्ये खोल असे फिकट गोल चट्टे दिसतात; एकदा बघितले की विसरत नाहीत. गाभडलेल्या मेंढीला लगेच वेगळी करा. गर्भ-वार उचलून जागा स्वच्छ करा, चारा जमिनीवर टाकू नका आणि कावळ्यांना लांब ठेवा.

कोंबडीच्या आतड्यात कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी बिनबोभाट राहतो. पक्ष्याच्या अंगाची ४१-४२ अंशांची ऊब त्याला मानवते. अंड्यावरच्या कोंबड्या अचानक कमी अंडी देऊ लागल्या, काही मेल्या आणि यकृतावर राखाडी-पांढरे बारीक ठिपके दिसले, तर तो कॅम्पिलोबॅक्टर हिपॅटिकस असू शकतो. त्याला २०१६ मध्येच नाव मिळालं, त्यामुळे जुन्या पुस्तकांत तो सापडणार नाही.

नवीन आणलेल्या कुत्र्याच्या पिल्लाला चिकट, कधी रक्त मिसळलेले जुलाब होत असतील तर त्यामागेही कॅम्पिलोबॅक्टर असू शकतो; घरातल्या लहान मुलांना दूर ठेवा, विष्ठा हातमोजे घालून उचला आणि साबणाने हात धुवा. त्या जंतूचे काहीशे कण पोटात गेले तरी माणसाला पुरतात, आणि जुलाब सुरू व्हायला साधारण दोन ते पाच दिवस लागतात. डॉक्टरांकडे गेलात तर पिल्लाचं नक्की सांगा.