लेकरांना घेऊन नरनाळ्याला चाललात? या चुका टाळा

अकोला जिल्ह्यातल्या नरनाळा किल्ल्याची सहल बहुतेक वेळा उतरताना बिघडते. वर कधी चढायचं यावर घरात आठवडाभर चर्चा होते, खाली कधी निघायचं हे कोणी ठरवतच नाही. अकोल्याहून आरामात दहाला निघायचं, अकोटात नाश्ता, मग पाण्याच्या बाटल्या, मग कोणाची तरी टोपी. पायथ्याच्या शहानूरच्या गेटवर पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलेलं असतं आणि आजी, आत्या, लेकरं, डब्यांची पिशवी असा सगळा लवाजमा चढायला लागतो. तटावरून खाली पसरलेलं वऱ्हाडचं मैदान बघायचं म्हणून आलेली मंडळी तटावर पोचते तेव्हा कोणाला मैदान बघायची ताकद उरलेली नसते.

परतीची वेळ आधी ठरवा

किल्ल्याभोवती नरनाळा अभयारण्य आहे, मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग. किल्ल्यावर मुक्काम करता येत नाही. म्हणून गेटवर पावती फाडताना पहिला प्रश्न हाच विचारा: बाहेर कितीपर्यंत यायचं? "पाच वाजेलोक या बरं दादा," असं उत्तर आलं तर पाच हे गेटवर हजर असण्याचं टायमिंग झालं, वरून निघण्याचं नव्हे. त्यातून उतरायला लागणारा वेळ वजा करा, शिवाय आणखी एक तास वजा करा. उरेल ती तुमची मागे फिरायची वेळ. ती झाली की जिथे असाल तिथून फिरायचं, तट अगदी समोर दिसत असला तरी.

लेकरं सोबत असतील तर उतरायला चढण्याएवढाच वेळ धरा. उतारावर गुडघे बोलायला लागतात, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये सागाची वाळकी पानं वाटेवर अशी पसरलेली असतात की त्यांच्याखाली दगड आहे की खड्डा, कळत नाही. डिसेंबरात सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, पण झाडीत त्याआधीच अंधारून येतं.

किल्ल्यावर गाडीरस्ताही जातो, त्याचा उपयोग करा. म्हाताऱ्या माणसांना आणि अगदी लहानांना गाडीने वर पाठवा, बाकीच्यांनी चालावं. मात्र पायवाटेने जायची त्या दिवशी मुभा आहे का, सोबत वाटाड्या घ्यावा लागतो का, हे गेटवर विचारून घ्या. इथे हमखास होणारी चूक म्हणजे "वर पोचलो की फोन करतो". डोंगरात रेंजचा भरवसा नाही. भेटायची जागा आणि वेळ खालीच ठरवा: महाकाली दरवाजा, अकरा वाजता. 1487 सालचं कोरीव काम असलेला दरवाजा आहे तो, वाट बघण्यातही वेळ बरा जातो. रेंज नसली की ऑनलाइन पैसेही अडकतात, तेव्हा पावतीपुरती रोकड खिशात असू द्या. आणि जंगल सफारीचं बुकिंग म्हणजे किल्ल्याची पावती नव्हे, दोन्ही वेगळं विचारा.

"वर थंड असते"

हा वऱ्हाडातला मोठा गैरसमज. नरनाळा समुद्रसपाटीपासून सुमारे 3,000 फूट उंच आहे हे खरं, पण अकोटात 44 अंश असतील तर वर चार-पाच अंशच कमी होणार. म्हणजे 40. त्यात किल्ल्याचा काळा दगड तापून वरून-खालून भाजतो. एप्रिल-मे लेकरांसाठी नाहीच, असं माझं स्पष्ट मत आहे. कोणी कितीही म्हणो.

पाणी मोठ्या माणसामागे दोन लिटर धरा, आणि निम्मं परतीसाठी बाजूला ठेवा. शक्कर तलाव बघायला आहे, प्यायला नाही. लेकरू चिडचिड करायला लागलं, डोकं दुखतं म्हणालं की ते नाटक समजू नका. सावलीत बसवा, दुपट्टा ओला करून मानेवर, काखेत ठेवा, वारा घाला, ओआरएस घोट-घोट पाजा. बरळायला लागलं किंवा अंग तव्यासारखं तापलं तर तोंडात काही ओतू नका, अंग ओलं करत-करत थेट दवाखाना गाठा.

आग्या मोहोळ

वाघाच्या भीतीने लोक कुजबुजत चालतात आणि आग्या मोहोळाखाली बसून डबा उघडतात! खरा धोका तोच. जुन्या कमानी, कडे आणि उंच झाडं ही या माश्यांची आवडती ठिकाणं. डबा उघडण्याआधी मान वर करून बघा. काळपट, अर्धवर्तुळाकार, लोंबतं पोळं दिसलं की तिथून मुकाट्याने लांब जा. भडक अत्तर लावून येऊ नका. धूर, दगड, गलोल, बिडी, काहीच नको. आग पेटवणं तर 1972 च्या वन्यजीव कायद्याने अभयारण्यात गुन्हाच आहे.

माश्या उठल्याच तर जमिनीवर आडवं पडू नका, हात झटकू नका. दुपट्ट्याने तोंड-डोकं झाका, लहानाला पोटाशी धरा आणि पळा, शंभर-दोनशे मीटर तरी. गाडी जवळ असेल तर आत बसून काचा वर. पाण्यात उडी मारून उपयोग नाही, त्या वर घिरट्या घालत थांबतात. लांब गेल्यावर काटे काढा, नखाने का होईना, पण लवकर. काटा रुतून आहे तोवर विष आत जातच राहतं. ओठ सुजले, श्वास लागला, किंवा लहानाला बऱ्याच माश्या डसल्या तर घरी जाऊन हळद लावू असं म्हणू नका.

झुडपात शिरणारी लेकरं

थंडीत बोरं दिसली की पोरं धावतात. बोरं अस्वलालाही आवडतात, मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलंही. अस्वलाला दिसतं-ऐकू येतं कमी, म्हणून एकदम समोर कोणी आलं की ते बिथरतं. नॉर्मल आवाजात बोलत चाला, मोठा माणूस पुढे, मोठा माणूस मागे, लेकरं मध्ये. अस्वल दिसलं तर पळू नका. त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरका. वानरांचं सोपं आहे: खायची पिशवी झाकलेली ठेवा आणि त्यांना बिस्किटं देऊ नका.

पावसाळा सरल्यावर गवतात कुसळं पिकतात. कापडी बूट आणि मोज्यांत ती अशी घुसतात की प्रत्येक पावलाला टोचतात, आणि ओढली की टोक आतच मोडतं. मोजा काढून, उलटा करून, आतल्या बाजूने उपसायची. चपलेवर आलेल्या आत्याबाईंना मात्र गाडीनेच पाठवा. केसाळ शेंगांचा वेल दिसला तर हात लावू नका, ती खाजकुयली. लागलीच तर खाजवू नका. चिकटपट्टीने कुसं उचलून घ्या, मग धुवा.

साप चावला तर आवळून बांधणं, चिरा देणं, चोखणं, मांत्रिक, सगळं बाद. चावलेला हात-पाय हलू देऊ नका, अंगठी-पैंजण काढा, माणसाला चालवू नका, उचलून गाडीत घाला. प्रतिविष मिळणारं जवळचं सरकारी रुग्णालय कोणतं, हे निघायच्या आदल्या दिवशीच माहीत करून घ्या. 108 आणि वनविभागाचा 1926 हे नंबर मोबाइलमध्ये टाकाच, पण रेंज नसेल तिथे ते लागणार नाहीत. अशा वेळी एकाने आधी गेटवर पोचायचं. आत कोण, किती जण गेलेत, हे त्यांच्या वहीत लिहिलेलं असतं.