खुल्या समुद्रातल्या मासेमारीवर लिहिताय? या चुका टाळा

स्पर्धा परीक्षेच्या नोट्स असोत की रविवारच्या पुरवणीतला लेख, एक वाक्य हमखास सापडतं: 'खुल्या समुद्रावर कोणाचीच मालकी नाही, म्हणून तिथे कोणीही कितीही मासे मारू शकतो.' यातला पहिला अर्धा भाग खरा, दुसरा चूक. १९८२ च्या सागरी कायदा कराराने मासेमारीची मोकळीक दिली, पण त्याच कराराच्या कलम ११६ ते ११९ मध्ये माशांचा साठा जपण्याची आणि त्यासाठी इतर देशांशी सहकार्य करण्याची जबाबदारीही टाकली. १९९५ चा संयुक्त राष्ट्रांचा मत्स्यसाठा करार तर स्पष्टच सांगतो की ज्या भागात प्रादेशिक मत्स्य संघटना (त्या समुद्रातल्या मासेमारीचे नियम ठरवणारी देशांची संघटना) आहे, तिथे एकतर तिचे सदस्य व्हा किंवा तिचे नियम पाळा, नाहीतर जाळं टाकू नका. अडचण अशी की करार फक्त तो स्वीकारणाऱ्यांनाच लागू होतो. भारत २००३ मध्ये त्यात आला. चीनने सही केली, पण पुढची मान्यता दिली नाही. तेव्हा कायदा आहे की नाही हे विचारण्यापेक्षा तो कोणावर बंधनकारक आहे हे विचारा. खालच्या बहुतेक चुका तिथेच होतात.

हद्दीची गल्लत

किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याच्या अखत्यारीत येते. २०० मैल, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटरपर्यंत देशाचं अनन्य आर्थिक क्षेत्र, म्हणजे जिथल्या माशांवर त्याच देशाचा हक्क. खुला समुद्र त्यापलीकडे. सिंधुदुर्गात परप्रांतीय ट्रॉलर घुसले किंवा एलईडी दिव्यांच्या मासेमारीवरून वाद पेटला, की लेखात आंतरराष्ट्रीय करार ओढून आणू नका. ते भांडण आपल्या घरातलं आहे. टूनाची गोष्ट वेगळी. हा मासा हद्दी ओलांडत फिरतो, म्हणून हिंदी महासागर टूना आयोग या प्रादेशिक मत्स्य संघटनेचे नियम सदस्य देशांच्या २०० मैलांच्या आतही लागू होतात.

'बंदी घातली की मासे परत येतात'

हा समज बाळगणाऱ्यांनी बेरिंग समुद्राकडे बघावं. अमेरिका आणि रशिया यांच्या हद्दींच्या मधोमध तिथे खुल्या समुद्राचा एक तुकडा उरतो, त्याला 'डोनट होल' म्हणतात. १९८० च्या दशकात जपान, दक्षिण कोरिया, पोलंड, चीन अशा देशांची मोठी जहाजं इथे पोलॉक हा मासा मारायला जमली. १९८९ मध्ये १४ लाख टनांहून अधिक मासा निघाला. तीनच वर्षांनी, १९९२ मध्ये, तो जेमतेम दहा हजार टनांवर आला. मग १९९३ पासून जहाजं थांबली आणि १९९४ मध्ये सहा देशांनी करार केला. त्यातली अट मला आवडते, कारण ती नेमकी आहे: अल्यूशियन खोऱ्यातला (बेरिंग समुद्राच्या खोल भागातला) साठा १६.७ लाख टनांपर्यंत पोहोचला तरच मासेमारी सुरू होईल. तेवढा साठा अजून झालेला नाही. तीस वर्षं उलटली तरी तिथली मासेमारी बंदच आहे.

अनेक लेखांत हा करार 'सहकार्याचं यश' म्हणून येतो. करार चांगला आहे, पण तो मासा संपल्यावर झाला, हे सांगितल्याशिवाय उदाहरण देऊ नये. खरं शहाणपण मध्य आर्क्टिकबाबत दिसलं. तिथे व्यापारी मासेमारी सुरूही झालेली नसताना २०१८ मध्ये करार झाला, २०२१ मध्ये तो लागू झाला आणि सुरुवातीची १६ वर्षं जहाजांना मज्जाव झाला.

'पकडून का नेत नाहीत?'

कारण खुल्या समुद्रात जहाजावर अधिकार चालतो तो ज्या देशाचा झेंडा त्यावर आहे त्याचा. मार्च १९९५ मध्ये कॅनडाने आपल्या २०० मैलांबाहेर 'एस्ताई' हा स्पॅनिश ट्रॉलर बळाने ताब्यात घेतला. स्पेनने आंतरराष्ट्रीय न्यायालय गाठलं. न्यायालयाने १९९८ मध्ये सांगितलं की हा खटला आपल्या कक्षेत येत नाही, त्यामुळे कॅनडा चूक की बरोबर याचा निकाल लागलाच नाही. मात्र 'एस्ताई' प्रकरणानंतर पाच महिन्यांत मंजूर झालेल्या १९९५ च्या करारात दुसऱ्या देशाच्या जहाजावर चढून तपासणी करण्याची रीत घालून दिली गेली. ती चालते करारातल्या देशांच्याच जहाजांवर.

या भांडणाच्या मुळाशी कोटा होता. वायव्य अटलांटिकच्या मत्स्य संघटनेने टर्बट या माशाच्या एकूण २७,००० टनांच्या कोट्यापैकी युरोपीय संघाला ३,४०० टन दिले. युरोपने हरकत नोंदवून आपला आकडा आपणच ठरवला. आणि नियमांत तशी सोय होती.

ठराव झाला म्हणजे लागू झाला?

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. टूना आयोगात ठराव दोन तृतीयांश मतांनी मंजूर होतो, पण सदस्याने १२० दिवसांत हरकत घेतली तर तो त्याच्यावर बंधनकारक राहत नाही. यलोफिन टूनाची पकड कमी करण्याच्या २०२१ च्या ठरावाला भारतासह इंडोनेशिया, इराण, ओमान यांनी हरकत घेतली. दूरवरून येणाऱ्या औद्योगिक ताफ्यांनी साठा उपसायचा आणि कात्री किनारी देशांच्या छोट्या मच्छीमारांना लागायची, ही या देशांची जुनी तक्रार आहे. ती पोकळ नाही.

दोन वर्षांनी पारडं फिरलं. मासे जमवण्यासाठी समुद्रात सोडलेल्या तरंगत्या सापळ्यांवर वर्षातून ७२ दिवस बंदी घालणारा, किनारी देशांनी मांडलेला ठराव मोंबासात मंजूर झाला. या वेळी हरकत घेणाऱ्यांत युरोपीय संघ होता. एक तृतीयांशाहून जास्त सदस्य विरोधात गेल्यावर ठराव कोणावरच बंधनकारक उरला नाही. 'आयोगाने सापळ्यांवर बंदी घातली' हे त्या वेळचे मथळे मात्र आजही शोधल्यावर सापडतात आणि लोक ते उचलतात. तेव्हा ठरावाच्या बातमीनंतर चार-पाच महिन्यांनी आयोगाच्या संकेतस्थळावर हरकतींची यादी बघाच. सगळीकडे हीच रीत नाही: अंटार्क्टिकच्या आयोगात एकमत लागतं, तर दक्षिण पॅसिफिकच्या संघटनेत हरकतीची कारणं देऊन ती तज्ज्ञ समितीपुढे टिकवावी लागतात.

साठ्याची जुनी स्थिती देणं ही आणखी एक चूक. यलोफिन २०१५ पासून 'अतिमासेमारीग्रस्त' (साठा सुरक्षित पातळीखाली गेलेला) गणला जात होता, २०२४ च्या मूल्यांकनात तो त्या यादीतून बाहेर आला. म्हणून मूल्यांकनाचं वर्ष लिहा.

आणि जानेवारी २०२६ मध्ये लागू झालेल्या खुल्या समुद्राच्या जैवविविधता कराराने मासेमारीचा प्रश्न सुटला असंही लिहू नका. विद्यमान मत्स्य संघटनांच्या कामाला धक्का लावायचा नाही, असं त्या करारातच म्हटलं आहे. यलोफिन किती मारायचा हे पुढेही टूना आयोगाच्या बैठकीतच ठरेल, १२० दिवसांच्या हरकतीसकट.