दहा शेंगदाणे, दोन चिठ्ठ्या: तरुण संघात काळजीवर सभा कशी घ्यावी

चर्चच्या तरुण संघाच्या सभेत ‘कुणाचा काही प्रार्थनाविषय?’ असं विचारलं की ठरलेली उत्तरं येतात. आजीचे गुडघे, मावशीचं ऑपरेशन, दहावीला बसलेला धाकटा भाऊ. सगळं खरं असतं, पण बोलणाऱ्याची स्वतःची काळजी त्यात नसते. सांगली-मिरज असो की सातारा, आपल्या मंडळ्या, म्हणजे चर्चमधले समाज, लहान, त्यातही निम्मे लोक एकमेकांचे पाहुणे. रविवारी बोललेलं सोमवारी काकूंच्या कानावर जातं, म्हणून मुलं गप्प बसतात. इथे सांगितलेली सभा २० ते २५ जणांसाठी, दीड तासाची आहे. तिचा क्रम मोडू नका: आधी खाणं, मग हसणं, मग लिहिणं, त्यानंतर वचन (बायबलमधला उतारा) आणि शेवटी प्रार्थना. वचनाने सुरुवात केली की मुलं शहाण्यासारखी ऐकून घेतात आणि आपली काळजी जशीच्या तशी घरी घेऊन जातात.

दिवस आणि वेळ

रविवारी संध्याकाळी ५ ते ६:३० ही वेळ बरी. खेड्यातून येणाऱ्यांची परतीची एसटी आधी विचारून घ्या. मुलींना अंधाराच्या आत घरी पोचता आलं पाहिजे, म्हणून हिवाळ्यात तासभर आधी सुरू करा. बारावीची लेखी परीक्षा फेब्रुवारीत सुरू होते, तेव्हा जानेवारीचा दुसरा रविवार गाठावा. निकालानंतर आणखी एक सभा ठेवा, कारण नापास झालेला मुलगा त्याच आठवड्यात मंडळीत यायचं बंद करतो.

मिरजेत एक वेगळी अडचण असते. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली उभारलेल्या दवाखान्याभोवती इथलं ख्रिस्ती जीवन वाढलं आणि आजही संघात नर्सिंगची मुलंमुली असतात. त्यांच्या पाळ्या दर आठवड्याला बदलतात. तारीख जाहीर करण्याआधी त्यांचं ड्युटीचं पत्रक मागून घ्या. रात्रपाळी करून आलेली मुलगी भिंतीला टेकून झोपली तर झोपू द्या.

सांगलीत पावसाळ्याचं गणित आणखी निराळं. २००५, २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिलेली मुलं जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी फोनवर बघत असतात. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. पाणी ४० च्या दिशेने चढत असेल तर सभा रद्द करा आणि संघातल्या पोरांना नदीकाठच्या घरांतलं सामान हलवायला घेऊन जा. त्या दिवशी काळजीवर बोलण्यापेक्षा फ्रिज उचलणं जास्त उपयोगाचं.

खाणं आधी

बायबलमधली एलीयाची गोष्ट उघडून बघा, १ राजे १९. जीव नकोसा झालेला संदेष्टा झुडपाखाली पडलेला असतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खायला घालतो. देवाशी बोलणं होतं ते पुढे, डोंगरावर. आपणही तेच करायचं. बिस्किटाचे पुडे फिरवण्यापेक्षा भडंग करा. दुपारी चारपाच जण मिळून करायला बसले की निम्मी सभा तिथेच होते.

२५ जणांना पाऊण किलो भडंगाचे चुरमुरे, पाव किलो शेंगदाणे, दीडशे मिली तेल, लसणाचे दोन गड्डे, मूठभर कढीपत्ता, चमचाभर हळद, दोन-तीन चमचे तिखट, तीन चमचे मेतकूट, तीन चमचे पिठीसाखर आणि चवीपुरतं मीठ. चुरमुरे मंद आचेवर कोरडे परतून घ्या, बोटांत दाबल्यावर कुर्रकन मोडले पाहिजेत. पावसाळ्यात ही पायरी गाळली तर मऊ चिवट भडंग कुणी खात नाही. तेलात आधी शेंगदाणे तळा, मग सालीसकट ठेचलेला लसूण सोनेरी होईपर्यंत, मग कढीपत्ता आणि हळद. आता गॅस बंद करा, मिनिटभर थांबा आणि त्यानंतरच तिखट घाला. कडकडीत तेलात तिखट पडलं की ते जळतं, भडंग कडू होतो आणि हॉलभर ठसका उठतो. चुरमुरे, मेतकूट, साखर, मीठ त्यावर टाकून हलक्या हाताने कालवा. कांदा देताना वरून.

खेळासाठी पाव किलो कच्चे शेंगदाणे वेगळे काढून ठेवा. भाजलेले ठेवलेत तर मोजणीआधीच संपतील.

दहा शेंगदाण्यांचा खेळ

आठ मोठ्या कागदांवर आठ रोजच्या काळज्या लिहून बाकांवर मांडा. प्रत्येकाच्या हातात दहा शेंगदाणे. ज्या काळजीचं वजन जास्त वाटतं तिच्यावर जास्त ठेवायचे, कसेही वाटले तरी चालतील. विषय ओळखीचे हवेत. उदाहरणार्थ: पाळकसाहेबांनी अचानक माझं नाव घेऊन प्रार्थना करायला सांगितली. दानाची थैली समोर आली आणि खिशात फक्त फोन. गीताचा सूर इतका वर धरला की दुसऱ्या कडव्याला आवाज फाटला. नाताळच्या नाटकात यंदाही मेंढपाळच. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. लग्नाच्या मांडवात ‘आता तुझा नंबर’. पोलीस भरतीचं मैदान तोंडावर आणि गुडघा दुखतोय. बंधुभगिनींसमोर साक्ष द्यायची (देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं) आहे आणि साक्ष देण्यासारखं काहीच घडलेलं नाही.

दहा मिनिटांत हॉल हसायला लागतो. आपल्याला वाटायचं की प्रार्थनेला नाव पुकारलं की पोटात गोळा फक्त आपल्याच येतो, आणि त्या कागदावर तर ६० शेंगदाणे पडलेले असतात. हे कळणं हाच खेळाचा हेतू. ढीग मोजा, पहिले दोन मोठ्याने जाहीर करा, त्यावर दोन-तीन जणांना बोलू द्या.

इथे एक नियम कडक पाळायचा: हसायचं ते परिस्थितीवर, माणसावर कधीच नाही. ‘हा तर कायम मेंढपाळच असतो’ एवढं एक वाक्य कुणी टाकलं की पुढच्या चिठ्ठ्या कोऱ्या येतात. आठ कागदांत घरची गरिबी, आजार, जात, रंग, वजन यांपैकी काही नको.

पांढरी चिठ्ठी, पिवळी चिठ्ठी

आता लिहिणं. सगळे कागद एकाच मापाचे, सगळी पेनं एकाच निळ्या शाईची. पांढऱ्या चिठ्ठीवर मोठ्याने वाचली तरी चालेल अशी काळजी. पिवळीवर ती, जी सगळ्यांसमोर वाचू नये, फक्त प्रार्थना व्हावी. दोन्ही चिठ्ठ्या प्रत्येकाने टाकायच्याच. काही लिहायचं नसेल तर पाठ असलेल्या गीताच्या दोन ओळी लिहाव्यात, म्हणजे कुणाचं पेन चाललं आणि कुणाचं थांबलं हे शेजाऱ्याला दिसत नाही.

पिवळ्या चिठ्ठीच्या खालची दोन बोटं रुंद पट्टी फाडता येईल अशी ठेवा. तिच्यावर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६, अठरा वर्षांखालच्यांसाठी १०९८, महिलांसाठी १८१ आणि मंडळीतल्या दोन विश्वासू माणसांचे नंबर लिहिलेले असावेत, एक ताई आणि एक दादा. पट्टी सगळ्यांनीच फाडून खिशात ठेवायची, म्हणजे गरज कुणाला आहे ते उघड होत नाही.

लिहायला लागण्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगा: इथलं बोलणं बाहेर जाणार नाही, पण कुणाच्या जिवाला धोका असेल किंवा लहान मुलावर अत्याचार होत असेल तर ते आम्ही गुपित ठेवणार नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणं बंधनकारक आहे. ‘आपल्या मंडळीचं नाव खराब होईल’ हे कारण तिथे चालत नाही, आणि प्रभूपुढे तर मुळीच चालत नाही.

लहान मंडळीत अक्षर ओळखू येतं. म्हणून पांढऱ्या चिठ्ठ्या थेट वाचू नका. चहाच्या वेळात एकाने त्या वहीत उतरवून घ्यायच्या आणि वहीतून वाचायच्या. उतरवताना गावाचं नाव, कॉलेज, भावंडांची संख्या गाळा. ‘माझी मोठी बहीण पुण्याहून परत आली’ एवढ्यावरून घर सापडतं.

पिवळ्या चिठ्ठ्या फक्त ती ताई आणि तो दादा उघडतात. एखादीत ‘जगावंसं वाटत नाही’ असं काही आढळलं तर मजकूर जाहीर करायचा नाही आणि अक्षरावरून शोध घेत हिंडायचंही नाही. शेवटी सगळ्यांना सांगा: ‘एका चिठ्ठीतलं ओझं आम्हाला फार जड वाटलं. ज्याचं असेल त्याने एकट्याने वाहू नये. आम्ही दोघं आठ वाजेपर्यंत व्हरांड्यात बसलोय.’ आणि खरंच बसा, फोन बाजूला ठेवून. व्हरांड्यात म्हणजे दिसेल पण ऐकू येणार नाही अशा जागी. बंद खोलीत एकट्या मुलाशी किंवा मुलीशी बोलायचं नाही, हा नियम पाळकांपासून सगळ्यांना. कुणी ‘आज रात्रीच काहीतरी करीन’ असं म्हणालं तर त्याला एकटं सोडू नका, घरच्यांना बोलवा आणि ११२ लावा किंवा सरळ दवाखान्यात घेऊन जा. तिथे प्रार्थना सोबत असू द्या, उपचारांच्या जागी नको.

वचन: पंधरा मिनिटं

मत्तय ६:२५-३४ घ्या. हा उतारा मुलांना बहुतेक वेळा दटावणीसारखा ऐकवला जातो: काळजी करतोस म्हणजे तुझा विश्वास कमी. पण चौतिसावं वचन नीट वाचा. ज्या दिवसाचं दुःख त्या दिवसाला आहेच, हे प्रभू स्वतः मान्य करतो. शेजारी प्रेषित पौलाची पत्रं ठेवा. फिलिप्पैकरांस ४:६ मध्ये कशाचीही चिंता करू नका म्हणणारा तोच माणूस २ करिंथकरांस ११:२८ मध्ये सर्व मंडळ्यांची चिंता आपल्यावर रोज असते असं लिहितो. दोन्ही वचनं दोन मुलांना वाचायला लावा आणि विचारा: हा माणूस काळजी घेऊन कुठे जातो? उत्तर त्यांना शोधू द्या. ज्यांच्या घरी दुःख ताजं आहे त्यांच्यासाठी स्तोत्र ८८ सांगून ठेवा. ते अंधारातच संपतं आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे.

पाळकसाहेबांना वेळ आधीच सांगा, आदराने पण स्पष्ट. पंधरा मिनिटांचे चाळीस झाले तर प्रार्थनेला वेळ उरत नाही.

गाण्याला कीबोर्ड लावत बसू नका, वायर आणि स्पीकर जुळवण्यात वीस मिनिटं जातात. टाळ आणि ढोलकी पुरे. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये साताऱ्यातच ‘देवाचा दरबार’ ही ख्रिस्तभक्तांची संगत सुरू केली होती. त्यांचे अभंग घरोघरी पाठ आहेत, पुस्तकाशिवाय म्हणता येतात.

प्रार्थना दोघादोघांत

मुलगा मुलाबरोबर, मुलगी मुलीबरोबर. प्रत्येकाने एक काळजी सांगायची, दुसऱ्याने तेवढ्याच गोष्टीसाठी दोन-तीन वाक्यांत प्रार्थना करायची. सल्ला द्यायचा नाही, प्रार्थनेच्या आडूनही नाही. ‘प्रभू, याला मोबाइल बाजूला ठेवून अभ्यास करायची बुद्धी दे’ ही प्रार्थना देवाला उद्देशून नाही, शेजाऱ्याला आहे. त्याऐवजी: ‘प्रभू, मंगळवारच्या पेपरला याच्याजवळ राहा.’ बोलायला जमत नसेल तर हातात हात घेऊन गप्प बसलं तरी चालतं. कुणी रडलं तर पाणी द्या, भोवती गर्दी करू नका.

नंतरचा आठवडा

खरी कसोटी इथे लागते. प्रार्थनाविषय व्हॉट्सअ‍ॅप गटात टाकू नका. स्क्रीनशॉट दुसऱ्या मंडळीत पोचायला तास लागत नाही. प्रत्येक पुढाऱ्याने चार-पाच जण वाटून घ्यावेत आणि बुधवारपर्यंत एकेकाला फोन करावा. ‘कसा आहेस?’ एवढंच विचारलं तर ‘बरा’ एवढंच उत्तर येतं. ‘मैदानाची तारीख लागली का?’, ‘गुडघा दाखवलास का?’ असं विचारावं. मात्र हे त्याने तोंडाने सांगितलेल्या गोष्टींबद्दलच. चिठ्ठीतून अंदाज बांधून कधीच नाही.

चिठ्ठ्या जाळण्याचा कार्यक्रम करू नका, अर्धवट जळलेले तुकडे अंगणात उडतात. बादलीभर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी चुरगाळून लगदा करा, वहीतली ती पानंही त्यातच. पुढची अशी सभा दीड-दोन महिन्यांनी; दर आठवड्याला घेतली तर मुलं लिहिण्यासाठी काळज्या शोधायला लागतात. मधल्या रविवारी क्रिकेट खेळा, शब्बाथ शाळेच्या (चर्चमधल्या रविवारच्या बालवर्गाच्या) पोरांना गाणी शिकवा, आणि नाताळच्या नाटकात यंदा मेंढपाळाला हेरोद राजा करता येतो का ते बघा.